आठव्या प्रकरणातला जिना

९ ऑक्टोबर, गुरुवार

प्रिय भिंगरी,

आज सहाला उठलो. पाणी भरलं, दोन कपडे धुतले. साडेदहाला एक माणूस खोकं घेऊन आला, सही घेऊन गेला. खोक्यात तुझ्या आईच्या कादंबरीच्या पंधरा प्रती होत्या. जेवण करून भांडी घासली आणि एक प्रत घेऊन खिडकीपाशी वाचत बसलो. आता चार वाजलेत.

एक प्रत या पत्रासोबत पाठवतो आहे. विनंती एवढीच की पुस्तक उघडण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. आठव्या प्रकरणात मी हात घातला आहे. ते तुला माझ्याकडूनच आधी कळायला हवं.

पुस्तक छान झालं आहे. कागद जाड आहे, पानं गळणार नाहीत अशी शिवण आहे, आणि आईचं नाव कादंबरीच्या नावापेक्षा मोठं आलंय. ते बघून ती नक्की म्हणाली असती, एवढं कशाला, मी काय दुकान काढलंय? खालच्या शिंपीणकाकू बघायला आल्या होत्या. पुस्तक उलटंसुलटं करून म्हणाल्या, वहिनींनी हे लिहिलं तरी कधी? मला वाटायचं, दुपारी दार लावून चांगल्या झोपतात. मला हसू आलं. घरात मोठ्याने हसलो, असं बऱ्याच दिवसांनी झालं.

ती दुपारी दोन ते चार लिहायची. कागद माझ्या प्रयोगशाळेचे. पाणी तपासणीचे जुने तक्ते रद्दीत जायचे, ते मी घरी आणायचो आणि ती त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहायची. ती गेल्यानंतर एकोणीस दिवसांनी प्रकाशकांचं पत्र आलं की कादंबरी स्वीकारली आहे. त्याआधी तीन ठिकाणांहून ती परत आली होती. मी उत्तर लिहिलं : आपले पत्र मिळाले. लेखिका हयात नाहीत. पुढील कार्यवाहीबाबत कळवावे. दुसऱ्या दिवशी तिथल्या संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, काका, मूळ हस्तलिखित असेल तर पाठवता का? ते पोचल्यावर पुन्हा फोन. या पानांच्या मागे गढूळपणाचे आकडे आहेत, तेही छापायचे का? मी म्हटलं, नको, त्यातले बरेच चुकीचे होते, म्हणून तर रद्दीत गेले.

आईची एक रीत तुला माहीत नसेल, कारण तू नोकरीसाठी तिकडे गेलीस त्यानंतर ती सुरू झाली. दर रविवारी सकाळी ती आठवड्याची पानं माझ्या हातात द्यायची आणि मी ती मोठ्याने वाचायची. पहिल्या रविवारी मी जरा आवाज चढवून वाचायला लागलो तर म्हणाली, अहो, नाटक नको. अहवाल वाचता तसं वाचा. तुमच्या आवाजात जे वाक्य उभं राहील ते कुठेही उभं राहील. ती समोर पेन्सिल घेऊन बसायची. मी जिथे अडखळेन तिथे खूण. सोमवारपासून खुणेची वाक्यं पुन्हा लिहायची. सहा वर्षं असं चाललं. लग्नानंतर आम्ही एकमेकांशी इतकं सलग कधी बोललो नव्हतो, आणि त्यातला एक शब्दही माझा नव्हता. मला फार आवडायचं ते. तिला तसं कधी बोलून दाखवलं नाही.

जुलैत छापखान्याकडून तपासायला पानं आली. अक्षरं बारीक, मला दिसेनात. चष्म्याच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईंनी डोळे तपासले आणि चांगलंच फैलावर घेतलं. काका, हा नंबर तीन-चार वर्षांपूर्वीच वाढलाय, एवढे दिवस काय अंदाजाने वाचत होता का? मी हो म्हटलं. खरंच तसं होतं. मला कळत होतं, पण आईला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग राहू द्या, डोळ्यांना त्रास नको. आणि रविवार बंद झाले असते.

नवा चष्मा घालून घरी येताना रस्त्यातच माझ्या लक्षात आलं. त्या वर्षांत मी अडखळत होतो तो डोळ्यांमुळे, आणि ती खुणा करत होती तिच्या वाक्यांवर. चांगली वाक्यं तिने माझ्यापायी मोडली होती.

पलंगाखालच्या खोक्यांतून जुने खर्डे काढले. बहुतेक ठिकाणी फार बिघडलं नव्हतं. काही वाक्यं तर सुधारलीच होती. आठव्या प्रकरणाचे मात्र चार खर्डे निघाले. त्यात एक मुलगी घर सोडून निघते. छापायला गेलेल्या चौथ्या खर्ड्यात तिची आई ओट्यापाशी उभी राहते, गाडी जाते, प्रकरण संपतं. पहिल्या खर्ड्यात ती तशी उभी राहत नाही. मुलगी पुढच्या दाराने उतरल्याबरोबर ती मागच्या जिन्याने गच्चीवर जाते. गुडघा दुखतो म्हणून भिंतीला धरून, एकेक पायरी. फाटकातून रस्ता पहिल्या वळणापर्यंतच दिसतो आणि गच्चीवरून थेट पुलापर्यंत, म्हणून. सगळा जिना एका वाक्यात आहे, दीड पानाच्या. त्या वाक्यात मी सात ठिकाणी अडखळलो होतो, सात खुणा आहेत. दुसऱ्या खर्ड्यात जिना अर्धा झाला, तिसऱ्यात दोन ओळींचा, चौथ्यात गेला. तू विचारशील, बाबा, तुम्ही वाचलं होतं ना ते? वाचलं होतं. पण अक्षरं जुळवण्यातच सगळा जीव गुंतला होता. काय वाचतोय ते ऐकलंच नाही.

या वेळी नव्या चष्म्याने ते पान पुन्हा मोठ्याने वाचलं. एकदाही अडखळलो नाही.

संपादकबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, काका, लेखिकेने स्वतः काढलेलं आपण परत कसं घालायचं? बरोबरच होतं त्यांचं. मी म्हटलं, तिने ते माझ्या डोळ्यांमुळे काढलं. तुम्ही एकदा वाचा आणि नको म्हणालात तर मी पुन्हा विषय काढणार नाही. तीन दिवस फोन नाही. त्या तीन दिवसांत मला दुसरं काही सुचलं नाही. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, घालू या. पण तसं सहीनिशी लिहून द्या, उद्या कुणी विचारलं तर जबाबदारी तुमची. दिलं लिहून. जिना आता पान एकशे बारावर आहे.

आई गेल्यावर तू आली होतीस. चौथ्या दिवशी आपण चादरींच्या घड्या घालत होतो, तेव्हा तू म्हणालीस, मी नोकरीसाठी निघाले त्या दिवशी ती निदान दारापर्यंत तरी आली असती. मी पुढची चादर उचलली. तुला गाडीत बसवून मी वर आलो तेव्हा आई घरात नव्हती. थोड्या वेळाने मागच्या दाराने आली, धापा टाकत. कुठे होतीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, टाकीचं झाकण बघायला गेले होते. आणि मी, पाण्यात जन्म घालवलेला माणूस, तिला काय विचारलं? बसलंय ना नीट? ती हो म्हणाली. कादंबरीतलं सगळं घडलेलं असतं असं समजू नका, हे ती मला नेहमी बजावायची, म्हणून मी खात्रीने काही सांगत नाही. पण गच्चीवरच्या टाकीचं झाकण आदल्या दिवशी मीच घट्ट बसवलं होतं, आणि तेव्हा शिडी धरायला तीच उभी होती. हे तुला सांगायचं होतं. आता पुस्तक उघड.

बटाटे उकडून ठेवले होते, एव्हाना गार झाले असतील. सोलायला घेतो.

तुझाच,
बाबा