किल्ली पिंडरांच्याच हाती

मी, हेस्टर ॲन पिंडर, कै. अमॉस पिंडर यांची थोरली मुलगी, अविवाहित, वय ऐंशीच्या पुढे, राहणार कोंडवाड्याशेजारचं घर, थॉर्नबेक, यॉर्कशर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. कोणी मला धाक घातलेला नाही, की गोड बोलून फशी पाडलेलं नाही. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रं आजपासून रद्द समजावीत. आमचे वकील श्री. पिकल्स म्हणाले, "मिस पिंडर, कुणाला काय द्यायचं एवढंच लिहा. का द्यायचं ते लिहू नका." त्यांचा सल्ला मी शांतपणे ऐकून घेतला, आणि तरीही हे काम पार पाडायला त्यांनाच नेमते आहे.

कलम १. माझी बचत, जी काही असेल ती, कॉटेज हॉस्पिटलच्या नर्सिंग विभागाला द्यावी. माझा पाय त्यांनी वाचवला. चहा मात्र भिकार देतात, तेवढं सुधारावं.

कलम २. माझा चुलतभाऊ क्लिफर्ड याला दिवाणखान्यातली ती सोनेरी चौकट परत द्यावी. तीत एक ढाल, दोन सिंह आणि काही लॅटिन अक्षरं आहेत. आपलं घराणं सरदारांचं आहे, असं क्लिफर्डला कोणा दुकानदाराने पैसे घेऊन पटवलं होतं. मी त्याला म्हटलं, "अरे, पिंडर म्हणजे कोंडणारा. भटकी गुरं पकडून कोंडवाड्यात घालायची आणि मालक येईपर्यंत राखायची, हा आपल्या बापजाद्यांचा धंदा. त्या ढालीवर सिंह नको, चुकलेली शेळी काढायला हवी होती." तो महिनाभर बोलला नाही.

पुढे त्याने जगात पिंडर कुठे कुठे आहेत याचा नकाशा करवून घेतला. जिथे पिंडर जास्त, तिथे लाल रंग गडद. आमच्या यॉर्कशरवर लाल पट्टा होता, खाली नॉटिंगहॅमकडे थोडा शिडकावा, लंडनला चिमूटभर. फ्रान्स, जिथून आपले सरदार आले असं तो म्हणायचा, पांढरा स्वच्छ. आणि महासागर ओलांडून पलीकडे, बहामाच्या इवल्याशा बेटांवर मात्र रंग असा गडद, की खाली बेट आहे हेच दिसेना. "तिथे म्हणे बसमध्ये हाक मारली तर अर्धी बस वळून बघते," क्लिफर्ड रडवेला होऊन म्हणाला. "काळे, गोरे, कोळी, शिक्षक, सगळे पिंडर!" मी म्हटलं, "मग बरंच की. घराणं वाढलं." त्याने दुसऱ्याच आठवड्यात कोर्टात जाऊन आईचं माहेरचं आडनाव लावून घेतलं. ते दिमाखदार आहे, असो. त्याने नाव टाकलं, म्हणजे कोंडवाड्याच्या किल्लीवरचा हक्कही टाकला. ही गोष्ट तो विसरला असेल, म्हणून इथे लिहिली.

कलम ३. गावाच्या पंचायतीला माझं राहतं घर, परसासह, द्यावं. अट एकच. कोंडवाड्याची दगडी भिंत आणि लाकडी फाटक यांना, कलम ६ मधली नर्स डेल्फीन पिंडर "झालं" असं स्वतः सांगेपर्यंत, कोणीही हात लावायचा नाही. कोणी हात लावलाच तर घर विकून पैसे कुत्र्यामांजरांच्या आश्रमाला जावेत.

पंचायतीचे अध्यक्ष श्री. क्राउदर यांना तिथे बाकडं आणि फुलांचा वाफा हवा आहे. फाटक काढून कमान करणार म्हणे. गेल्या वसंतात ते मोजपट्टी घेऊन आले होते.

"मिस पिंडर, मी शाळेत होतो तेव्हापासून इथे एक मेंढरूसुद्धा कोंडलेलं नाही. रिकामी जागा आहे ती."

"धुक्यात कधी आलात इथे?"

"धुक्यात कशाला येईन मी?"

"तेच म्हणते."

ते हसले. पण मोजपट्टीचं टोक भिंतीच्या आत टाकलं तेव्हा ते कोणीतरी धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं, लहान मूल दोरी धरतं तसं. क्राउदर मोजपट्टी तिथेच टाकून गेले. ती माझ्या खोपटात आहे, तीही त्यांना परत द्यावी.

कलम ४. रूबेन लिस्टर यांच्या मुलीला माझ्या आईची चांदीची चहादाणी द्यावी. लिस्टर म्हणजे रंगारी, पण त्यांच्या घरात कित्येक पिढ्यांत कोणी हातरुमालसुद्धा रंगवलेला नाही. इंग्लंडभर हेच झालं. धंदा गेला आणि नाव उरलं. आमच्याकडे मात्र धंदाही राहिला, हे रूबेनला कधी समजावता आलं नाही. तो म्हणायचा, "हेस्टर, एका गंजक्या फाटकापायी तू मला नाही म्हणतेस?" मी हो म्हटलं असतं तर मी लिस्टर झाले असते, क्लिफर्ड तर गावात राहतच नव्हता, आणि ते फाटक उघडू शकणारं कोणीच या गावात उरलं नसतं. त्याने पुष्कळ वाट पाहिली. मला तो फार आवडत असे. हे त्याच्या मुलीला सांगायला हरकत नाही.

कलम ५. आता मुख्य गोष्ट. ही वाचताना श्री. पिकल्स यांनी चष्मा काढू नये आणि खोकू नये.

थॉर्नबेकच्या कोंडवाड्याचे नियम माझ्या बाबांनी मला तोंडी शिकवले, त्यांना त्यांच्या बाबांनी. वाट चुकून जे दाराशी येईल त्याला नाही म्हणायचं नाही. फाटक फक्त पिंडरने उघडायचं. मालकाने भिंतीबाहेर उभं राहून, आत न बघता, आपल्या जनावराची खूण सांगायची. पिंडरने आत जाऊन हाताने चाचपून बघायची. जुळली तर सोडायचं, नाही तर नाही. पिंडरपद मरेपर्यंतचं, राजीनामा नाही. आणि पिंडरच्या घरातल्या कोणालाही आपल्याच कोंडवाड्यातून काही मागता येत नाही. हा नियम चोरी होऊ नये म्हणून केला असणार. करणाऱ्याला काय ठाऊक, की एक दिवस तिथे पिंडरचंच लेकरू येईल.

माझी धाकटी बहीण आयव्ही शाळेतून परत येताना माळावरच्या धुक्यात चुकली. सगळं गाव घंटा वाजवत फिरलं. ती सापडली नाही, आजवर नाही. सकाळी कोंडवाड्याचं फाटक आतून लागलेलं होतं आणि मधलं गवत गोल दबलेलं होतं, कोकरू बसून उठावं तसं. आत काही दिसत नव्हतं. पण शिटी ऐकू येत होती. आयव्हीचा पुढचा दात पडला होता, त्यामुळे तिची शिटी अर्धी हवेतच जायची. ती तशीच होती.

आई भिंतीला धरून ओरडली, "अमॉस, माझी आहे ती! उघड!"

बाबा म्हणाले, "तू पिंडर आहेस, मार्था. तुला मागता येत नाही. मलाही येत नाही."

"नियम गेले चुलीत!"

बाबांनी आईसाठी नियम मोडला. फाटक सताड उघडलं. कोणी बाहेर आलं नाही. गवत फक्त भिंतीच्या पार कोपऱ्याकडे सरकत सरकत दबत गेलं, जसं काही उघड्या फाटकाचीच तिला भीती वाटत होती. त्या क्षणी माळाच्या बाजूने दुसरं काहीतरी फाटकाकडे यायला लागलं. पावलं नव्हती, नुसतं धुकं दाटत येत होतं. बाबांनी धावत जाऊन फाटक लावलं. पुन्हा त्यांनी तसं केलं नाही.

आई त्याच हिवाळ्यात खंगून गेली. तिला पुरून आल्यावर काही दिवसांनी, भर दुपारी, धुकं उतरलं आणि भिंतीबाहेरून आईचा आवाज आला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते, मी स्वतः ऐकला. "अमॉस, आता मी कोणाची पिंडर नाही. मेलेल्याला आडनाव नसतं. दे माझी पोर."

बाबांनी विचारलं, "खूण सांग."

आवाजाने खूण सांगितली. ती चुकीची होती. आयव्हीच्या अंगावरची खुणेची वस्तू आईने स्वतःच्या हाताने, तिला शाळेत पाठवताना, घातली होती, आणि आवाजाने भलतीच वस्तू सांगितली. बाबांनी पुन्हा विचारलं. आवाज रडायला लागला. रडणंही आईचंच होतं. बाबांनी फाटक उघडलं नाही.

ती आई नव्हतीच, की आईच होती आणि मेल्यावर माणूस विसरतं, हे त्यांना मरेपर्यंत कळलं नाही. मलाही कळलेलं नाही. बाबा गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. त्यांनी किल्ली माझ्या मुठीत दाबली आणि म्हणाले, "शोधत येणारा प्रत्येक जण मालक नसतो, हेस्टर. विचारत जा."

तो आवाज अजून येतो. अधूनमधून येतो आणि दर वेळी नवी खूण सांगून बघतो. म्हणून सांगते क्राउदरसाहेब, तुमची कमान झाली की त्याला विचारणारं कोणी उरणार नाही.

कलम ६. कोंडवाड्याची किल्ली, फाटकावरचा अधिकार, माझा जाड लोकरी कोट आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ हे सर्व मी कॉटेज हॉस्पिटलमधल्या नर्स डेल्फीन पिंडर हिला देते.

माझ्या पायाची पट्टी बदलायला ती आली तेव्हा तिच्या छातीवरची पाटी वाचून मी खाटेवरून पडायचीच बाकी होते. क्लिफर्डच्या नकाशावरचा तो गडद ठिपका माझ्यासमोर उभा होता, उंच, काळाभोर, कानात छोटे मोती. मी हरखून म्हटलं, "अगं, आपण एकाच नावाच्या!"

ती शांतपणे पट्टी गुंडाळत राहिली. "मिस हेस्टर, आमच्या आजोबांच्या आजोबांना हे नाव गुलामगिरीत त्यांच्या मालकाने लावलं. तुम्ही इथे मेंढरांच्या पाठीवर रंग लावता ना, तसं."

मग ती म्हणाली, "पण आता आमचं झालंय ते. तीन पिढ्या चर्चमध्ये, शाळेत, होडीवर आम्ही ते चालवलं. आता परत देणार नाही कोणाला." मला ती तिथेच आवडली.

पुढे ती रविवारी घरी येऊ लागली. येताना पेरू घातलेली उकडीची गोड वडी आणायची, आणि माझ्या आल्याच्या केकला "वीट" म्हणायची. मी तिला किल्लीचं सांगितलं तेव्हा ती ताडकन उठली.

"कोंडायचं काम माझ्याकडून होणार नाही. पिंडर असले तरी. पिंडर आहे म्हणूनच."

"कोंडायचं नाही, पोरी. उघडायचं आहे. एकदाच."

ती कोट घालून बाहेर गेली. धुकं होतं. ती भिंतीपाशी बराच वेळ उभी राहिलेली मला खिडकीतून दिसत होती. परत आली तेव्हा तिचे केस ओले होते.

"मिस हेस्टर, आत कोण शिटी वाजवतंय? नीट येत नाही बिचारीला."

आयव्हीच्या दाताचं मी तिला सांगितलेलं नव्हतं. मी रडले. तिने चहा केला, चांगला केला, आणि म्हणाली, "काय करायचं ते सांगा."

कलम ७. डेल्फीन, हे तुझ्यासाठी.

मी जिवंत आहे तोवर मी पिंडर आहे आणि मला आयव्हीला मागता येत नाही. मी मेले की किल्ली तुझी, आणि मी सुटले. मला चर्चच्या आवारात आईबाबांजवळ पुरावं. नंतर पहिलं धुकं उतरेल त्या दिवशी तू माझा कोट घालून कोंडवाड्यापाशी ये. आत जा आणि फाटक आतून लाव. कोपऱ्यात गवत दबलेलं असेल. घाबरू नकोस, ती नऊ वर्षांची आहे. तिला तुझं नाव सांग, आडनावासकट.

मग भिंतीबाहेरून मी येईन आणि माझी बहीण मागेन. तू खूण विचार.

ती खूण मी इथे लिहीत नाही. तुलाही सांगितलेली नाही. कागदावर आलेली गोष्ट कोणीही वाचतं, आणि भिंतीबाहेर कान देऊन कोण उभं असतं ते मला माहीत नाही. ती फक्त माझ्या डोक्यात आहे. कित्येक वर्षं मी ती रोज सकाळी चहा ओतताना मनातल्या मनात म्हणते, मेल्यावर विसरू नये म्हणून. आईच्या बाबतीत काय झालं कोणास ठाऊक. माझ्या बाबतीत ते होऊ नये एवढीच मला भीती आहे, मरणाची नाही.

मी सांगेन ते तू हाताने चाचपून बघ. जुळलं तर फाटक उघड, तोंड फिरवून उभी राहा आणि आम्हाला जाऊ दे. मग पंचायतीला "झालं" म्हणून कळव. खुशाल बाकडं घालू देत. पहिली तू बस त्यावर.

जुळलं नाही तर उघडू नकोस. मी पुन्हा येईन, पुन्हा विचार. मी रडेन, तुला नावाने हाक मारेन, माझ्या पायाची जखम, तुझी पेरूची वडी, आपलं सगळं बोलणं आठवून सांगेन. तरी खूण चुकली तर उघडू नकोस. आवाज माझाच असला तरी.

येणेप्रमाणे लिहिलेलं मी वाचून पाहिलं, ते माझ्या मनासारखं आहे, म्हणून खालील दोघांच्या देखत सही केली.

हेस्टर ॲन पिंडर

साक्षीदार:

डोरीन लम्ब, पोस्टमास्तरीण, थॉर्नबेक. (सही करताना पाहिली. कलम ५ वाचलेलं नाही, वाचणारही नाही.)

विल्फ्रेड हेब्डन, शेतकरी, वरचा मळा, थॉर्नबेक. (सही करताना पाहिली. शिटीचं खरं आहे. माझी कुत्री त्या भिंतीला वळसा घालून जाते.)

साक्षीदार म्हणून नव्हे, पण मिस हेस्टर यांच्या इच्छेवरून: सर्व वाचलं. किल्ली माझ्याकडे आली की मी आत जाईन, तिच्याजवळ बसेन, आणि बाहेर कोणीही आलं तरी विचारीन.

डेल्फीन पिंडर

ठिकाण: थॉर्नबेक
दिनांक: १९ नोव्हेंबर २०१४, दुपारी, हवा स्वच्छ