उंबऱ्यातली अव्वा

शिरोळ, ऑक्टोबर १९९४

मल्लेशअण्णा,

प्लेगपायी मस्कतची विमानं बंद झाली तवापासून तू रोज बूथवर फोन करतोस, "काठमांडूवरनं तिकीट बघतोय, अव्वाला सांग, आलोच." मी आपलं व्हय म्हणायचं. अव्वा सोमवारीच गेली रे. कळलं तर तू धडपड सोडशील, मग माझं कोण हाय हितं? टपालबी त्याच विमानानं जातंय, ती सुरू हुईस्तोवर ही चिठ्ठी तुला गावायची न्हाई, म्हणून तर खरं लिहायचं धाडस झालं.

लेकाची वाट किती बघायची, म्हणून भाऊबंदांनी मातीची घाई केली. तिच्या गळ्यातलं इष्टलिंग तिच्या तळहातावर मीच ठेवलं.

तू येशील म्हणून ती आठवडाभर उंबऱ्यात बसून हुती. आपल्यात माणसाला बसवूनच पुरत्यात. माती टाकताना वाकून बघितलं. अगदी तशीच बसली हुती की, अण्णा.

तुझी,
शिवलीला