प्रलयाचा पहिला सर्ग

तीर्थस्वरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो, की आता उतरतानाही? भाऊजींची प्रकृती विचारत नाही. काल ते इथेच होते आणि ठणठणीत होते. ते घरी पोचून आपल्या पद्धतीनं सांगण्याआधी मीच लिहितो : ताई, तुझा भाऊ जिंकला!

प्रलयावरचं माझं महाकाव्य तुला माहीत आहेच. सगळं दवाखान्यात दात काढता काढता रचलेलं (पेशंटचं तोंड उघडं असलं की त्याला दाद देता येत नाही, पण उठूनही जाता येत नाही). काल वाचनालयाच्या सभागृहात त्याचं पहिलं वाचन होतं. भाऊजींनी, शेवटी निवृत्त प्राध्यापकच ते, आधीच बजावलं होतं की महाकाव्याला मंगलाचरण हवं, देवांची सभा हवी, लांबलचक उपमा हवी, नावेत चढणाऱ्या प्राण्यांची नामावळी हवी. एक जरी चुकलं तरी भर सभेत उठून सांगेन. मी सगळं घातलं. वाग्देवतेची स्तुती एवढी लांबली की तिलाच अवघडल्यासारखं झालं असेल. देवांच्या सभेत कोपऱ्यावरचा औषधवाला घोरायला लागला. नामावळीत हत्ती चढले तशी मागची रांग उठली, मुंगसांपाशी (ती चुकून दोनदा चढली) मधली. ही पहिल्या रांगेत माझ्याकडे न बघता पर्स आवरत होती. मला दरदरून घाम फुटला. ते पाहून कुणीतरी दयेनं पंखा मोठा केला आणि माझा सर्गच्या सर्ग उडाला!

लोकांनी खुर्च्यांखाली वाकून पानं गोळा केली आणि हाताला लागतील तशी माझ्या हातात कोंबली. वरचं पान आलं ते थेट प्रलयाच्या मध्यावरचं. काय करतो, तेच वाचलं. पाणी उंबऱ्याला लागलंय, शेजारीण तान्हं मूल कडेवर घेऊन नावेचं दार ठोठावतेय, आत नाव बांधणाऱ्याचा हात कडीवर आहे, आणि देवाची आज्ञा आहे, दार उघडायचं नाही. सभागृहाच्या दाराशी गेलेले लोक थबकले. मग हळूच येऊन बसले. पाण्यात एकच शिखर उरतं, म्हाताऱ्या हिरडीतल्या शेवटच्या दातासारखं, या उपमेला कवळीवाल्या आजी (वरची माझी, खालची दुसऱ्या डॉक्टरची, म्हणून सैल) आधी हसल्या आणि मग डोळे पुसत ओरडल्या, "अहो, उघडा की ते दार!"

तेवढ्यात भाऊजी उठले. मी मनात म्हटलं, संपलं. पण त्यांनी दोन्ही हात उंचावले. म्हणाले, "कथा मधूनच सुरू केली! महाकाव्याची खरी रीत हीच!" मी, हे सगळं आधीपासून ठरलेलंच होतं अशा थाटात, मान लववली. टाळ्या थांबेनात, ताई! औषधवाला तर उभा राहून वाजवत होता.

घरच्या लहानांना आशीर्वाद आणि सगळ्यांना माझा विजय कळव.

तुझा,
धाकटा

ता. क. बारा सर्ग तयार आहेत असं मी टाळ्यांच्या भरात जाहीर केलं. झालाय एकच. शेजारीण अजून बाहेरच उभी आहे आणि शनिवारी सगळे पुढचं ऐकायला येणार आहेत. तेवढं भाऊजींना काहीही करून तिकडेच अडकवून ठेव. गुडघ्याचं निमित्त चालेल.

पुन्हा ता. क. ही म्हणते, त्या बाईला आत घ्या, नाहीतर रात्रीचं जेवण बाहेर करा. मी समजावलं की देवाची आज्ञा मोडता येत नाही. तर म्हणाली, "आज्ञा तुम्हीच लिहिलीत ना? मग खोडा." खोडतोय.