मिस्टर हॅमंडचं कुटुंब

प्रिय रगद,

लयानचा बर्फातला फोटो पोचला. टोपीनं पोरीचे कान झाकले जात नाहीयेत. एवढ्या थंडीच्या देशात राहून तुला इतकंही कळू नये का गं? इथे इर्बिदला आपला इंग्रजीचा वर्ग अजून बेकरीच्या वरच्या खोलीतच भरतो. फदवा तशीच टवाळखोर आहे. सीरियातून आलेल्या आणखी काही बायका आल्यात. त्यांनाही मी पहिल्याच दिवशी बजावलं, इथे स्वतःबद्दल बोलायचं नाही. बोलायचं ते पुस्तकातल्या मिस्टर हॅमंडच्या कुटुंबाबद्दल.

हा नियम कशापायी झाला, ते तुला ठाऊकच आहे. 'घरात किती माणसं?' असं मी विचारलं होतं, साधा पहिला धडा. फदवा बोटांवर मोजायला लागली, मध्येच थांबली आणि जिन्यात जाऊन बसली. पण तुम्ही कसल्या ऐकताय! हॅमंडची बहीण छताखाली सापडून गेली, म्हातारा बाप सीमेपर्यंत चालताना हरवला. बिचाऱ्या इंग्रजांची पार दैना केलीत. आणि तू सांगितलंस, मिस्टर हॅमंड गॅसचा सिलिंडर आणायला गेला आणि नाक्यावर शिपायांनी धरला. "अगंबाई, साहेब लोक स्वतः सिलिंडर वाहतात होय?" फदवा म्हणाली, आणि सगळा वर्ग खिदळला. तूही हसलीस. मग दर धड्याला मी विचारायचे, मिस्टर हॅमंड कुठे आहे? तू ठणकावून सांगायचीस, तो येतोय. तुला कुणी खोडून काढलं नाही. फदवानंसुद्धा नाही.

सीरियातले तुरुंग उघडले, तेव्हा फोनवर तू आनंदानं केवढी ओरडलीस! तेव्हापासून, काही खबर नसतानाही, तुझ्या घस्सानला बोलावून घ्यायची तुझी खटपट चाललीय. लयाननं शाळेत सगळ्यांना सांगितलंय म्हणे, बाबा येणार. दार वाजलं की तू हातातलं टाकून धावतेस, हेही तीच म्हणाली. फोन करायला घेते आणि परत ठेवून देते, म्हणून लिहितेय.

गेल्या आठवड्यात तुझ्या सासूकडे एक माणूस आला. घस्सानच्याच कोठडीत होता. सासूबाईंनी मला बोलावून घेतलं, मी शेजारी बसून ऐकलं. घस्सान पहिल्याच हिवाळ्यात गेला, रगद. तापानं. त्याचे डोळे या माणसानं मिटले. गुडघ्यावरची भाजल्याची खूण त्यानं न विचारता सांगितली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पुरे." तो माणूस निघून गेल्यावर त्यांनी मला शपथ घातली, "रगदला कळवू नकोस. तिला तरी वाट बघू दे. ती थांबली, की माझा मुलगा खरंच मेला." गल्लीत त्यांना अजून उम्म घस्सानच म्हणतात, घस्सानची आई. ही शपथ मी मोडतेय, देव मला माफ करो. पण तू तरणी आहेस गं, सगळा जन्म दाराकडे डोळे लावून कसा काढशील? रड, पोटभर रड. मग मला फोन कर. आणि सासूबाईंशी बोलशील तेव्हा नेहमीसारखंच विचार, घस्सानची काही खबर आली का म्हणून.

तुझीच,
सुहैला