गोफणीच्या टप्प्यात

१ डिसेंबर, सोमवार
चादरींच्या शोरूमचा राजीनामा दिला. मालक एकदाही थांब म्हणाले नाहीत. धक्का बसला असणार. आजपासून मी कमर्शियल ड्रोन पायलट. लायसन्स दुसऱ्या प्रयत्नात मिळालं. पहिला वॉर्म-अप होता. कार्डंही छापून आली : 'गुरुशांत एरियल सोल्युशन्स, सोलापूर'.

माझ्या वडिलांची, अप्पांची अट : शिवरात्रीपर्यंत नियमित काम मिळालं नाही, तर मैंदर्गीला येऊन त्यांच्या भुसार दुकानात बसायचं. त्यांनी ड्रोन हातात घेऊन पाहिला आणि गूळ किती किलो उचलतो, एवढंच विचारलं.

९ डिसेंबर, सकाळी ८
संकल्प : रोज पाचला उठून फ्लाइंग प्रॅक्टिस. आज साडेसातला उठलो. वारं होतं.

शहरात उडवायचं तर विमानतळ आडवा येतो. नकाशावर आमचं घर लाल झोनमध्ये. शिवलीला म्हणाली, गिऱ्हाईक कुठल्या रंगात आहे ते बघा आधी. बायकोशी बिझनेसवर चर्चा करायची नाही. तिला सकाळची शाळा असते, त्यामुळे चिडचिड होते.

२१ डिसेंबर, रविवार
पहिलं काम! मोडनिंबला शहाजीरावांच्या शेतावर हुरडा पार्टी, तिचा जाहिरातीचा व्हिडिओ. शहाजीराव म्हणत होते, लांबनंच घ्या. पण क्लोजअपशिवाय मजा नाही. ड्रोन बरोबर हुरडा भाजायच्या आगटीवर आणला, चार फुटांवर. पंख्यांच्या वाऱ्याने सगळी राख उठली आणि दह्यात, शेंगाचटणीत, पाहुण्यांच्या डोळ्यांत गेली. एका वकीलसाहेबांच्या कपाळाला बसल्या जागी विभूती लागली. शहाजीराव ओरडले, लई झालं, खाली घ्या की आता!

खरं तर आगटी झाकायला हवी होती. पूर्वतयारी नाही लोकांची. व्हिडिओ मात्र उत्तम आलाय, पहिली नऊ सेकंदं.

११ जानेवारी
तीन आठवडे एक फोन नाही. नेटवर्कचा प्रॉब्लेम दिसतो. शिवलीलाला स्वयंपाकघरातून फोन लावायला सांगितला. लागला.

२९ जानेवारी, गुरुवार
शेवटी मार्केटला कळलं! वैरागच्या बिभीषणने तो नऊ सेकंदांचा व्हिडिओ पाहिला. मागच्या ज्वारीतून पाखरं उठताना दिसतात म्हणे. माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्याची ज्वारी दाण्यात आलीय. सात दिवस पाखरं हुसकायची. जमलं, तर आजूबाजूची पंधरा शेतं मलाच. म्हणजे शिवरात्रीची काळजी मिटली. अप्पांना फोन करून सांगूनही टाकलं.

सध्या राखणीला बिभीषणची चुलती आहे, केराबाई. सत्तरीपुढची. शेतातल्या उंच लाकडी माळ्यावर उभी राहून गोफण मारते. जुनी टेक्नॉलॉजी. सन्मानाने रिटायर करू.

२ फेब्रुवारी, सोमवार
एका फेरीत सगळं शेत रिकामं! केराबाई म्हणाली, उडाली व्हय, पर गेली कुटं? बांधावरच्या बाभळीवर. बॅटरी बावीस मिनिटं चालते. पाखरं तेविसाव्या मिनिटाला परत येतात.

४ फेब्रुवारी
दोन साळुंक्या ड्रोनच्या मागे मागे उडतात. सवय झाली त्यांना. केराबाईला माळ्यावरून खाली यायला सांगितलं, मध्ये मध्ये येते. ती म्हणाली, चाळीस वरसं हितं हुबी हाय, उतरून जाऊ कुटं? जरा वाईट वाटलं. पण बिझनेसमध्ये इमोशन नको.

५ फेब्रुवारी, सकाळी ९.१०
ड्रोन पडला.

रात्री ९.४०
सविस्तर. राघूंचा थवा माळ्यासमोर उतरला. मी ड्रोन त्यांच्यामागे नेला. गोफणीचा दगड आला. एकच. केराबाई म्हणाली, म्या राघूवर मारला, तुमचं पाखरू मधी आलं, त्याला मी काय करू? बिभीषणला हसू आवरेना. म्हणाला, आमच्या चुलतीचा नेम कदी चुकत न्हाय.

नेम चुकत नाही, तर राघूला का लागला नाही? हे मला आत्ता, लिहिताना सुचलं.

दोन पंखे तुटले, कॅमेरा गेला, आतल्या वायरी बाहेर. बांधावर बसून रडलो. खरं लिहितो, कारण हे कोणी वाचणार नाही. केराबाईने तांब्याभर पाणी आणून दिलं. मोडका ड्रोन घरी न्यायची हिंमत झाली नाही. तिथेच ठेवून आलो.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र
उपवास. अप्पांनी दुकानाची किल्ली हातात ठेवली. 'साकु' म्हणाले, कानडीत म्हणजे पुरे. रागावले असते तर बरं झालं असतं. शिवलीला शाळेसाठी सोलापुरातच राहणार. मी दर शनिवारी तिच्याकडे जाणार. तात्पुरती व्यवस्था आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार, दुकानात
एरियल सोल्युशन्सच्या नंबरवर फोन! केराबाई. माझं कार्ड जपून ठेवलंय तिने, नातीकडून नंबर लावून घेतला. मोडका ड्रोन तिने सुतळीने काठीला टांगलाय. वाऱ्यावर गरगर फिरतो, पाखरू जवळ येत नाही. आता शेजारच्या शेताला पण पाहिजे. असलं आणिक एक हाय का, विचारत होती. मोडकंच द्या म्हणाली, चालणारं नको.

स्टॉक बघून कळवतो, असं सांगितलं.