पितरांच्या पाटावर

इंदूर,
१७ जुलै २०११

प्रिय लक्ष्मीकांत,

फोन करता आला असता. परंतु फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला मला हसवतोस आणि जे बोलायचे ते बाजूला राहते, म्हणून नागपूरच्या पत्त्यावर हे पत्र पाठवतो आहे. तुला ठाऊक असलेल्या काही गोष्टी यात पुन्हा येतील. त्या वगळल्या तर माझ्याच विचारांची साखळी तुटेल, तेव्हा सहन कर. विषय एकच आहे. वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया करून घ्यावी की नाही, हा प्रश्न उन्हाळ्यापासून माझ्यापुढे आहे. आणि वाणिज्य शाखेची पदवी घेऊन ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढल्या, त्याला स्वतःच्या या प्रश्नाची मांडणीसुद्धा नीट जमलेली नाही.

ही शस्त्रक्रिया घरात आणली ती आमच्या लेकीने, बेबीने. सुट्टीत भोपाळहून आली असता तिने मला दुपारी आरामखुर्चीत झोपलेले पाहिले. झोपेत माझा श्वास थांबतो हे कुमुदिनीला कित्येक वर्षे माहीत होते; ती मला कोपराने ढोसून कुशीवर वळवीत असे आणि सकाळी त्याविषयी अवाक्षर काढत नसे. बेबी आईसारखी नाही. तिने घर डोक्यावर घेतले आणि त्याच आठवड्यात मला एका सर्जनसमोर नेऊन बसवले. मुलगा तरुण आहे, इथलाच, मालवी वळणाची हिंदी बोलतो. त्याने कागदावर पोटाचे चित्र काढले आणि त्याचा मोठा भाग एका रेघेने कापून बाजूला केला. उरला तो केळ्याएवढा नळा. आरंभी घोट-घोट पाणी, मग डाळीचे पाणी, मग पातळ खिचडी, आणि पुढे कायमचे वाटीभर जेवण. शुगर, रक्तदाब, गुडघे, श्वास या सर्वांना त्याचा लाभ. माझ्यासारख्या देहाला भूल देण्यात धोका थोडा अधिक, हेही त्याने लपवले नाही, आणि त्याची ही सचोटी मला आवडली. शेवटी मी विचारले की भुकेचे काय होईल. तो उत्साहाने म्हणाला, “अंकलजी, भूख तो समझो गई. कई पेशंट तो खाना ही भूल जाते हैं.” त्याच्या दृष्टीने ही सर्वांत चांगली बातमी होती. लक्ष्मीकांत, भुलीचा धोका मी शांतपणे टिपून घेतला होता. हे वाक्य ऐकल्यावर मी पेन खिशात ठेवले आणि उठलो.

असे का झाले, हे तुझ्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार नाही. शंकरराव गेल्यानंतरच्या पहिल्या पितृपक्षात तुमच्याकडे ठरलेले ब्राह्मण आयत्या वेळी आले नाहीत. पाने मांडून झाली होती, तू सोवळे नेसून उभा होतास, आणि दारात चपला काढणाऱ्या मला काकूंनी, तुझ्या आईने, सरळ पितृस्थानी नेऊन पाटावर बसवले. तुझ्या वडिलांच्या जागी मी जेवलो. दाराआडून काकू पाहत होत्या, आणि त्यानंतर सुदामा नगरात त्यांनी ज्याला-त्याला सांगितले की अच्युतसारखे पाटावर कोणी जेवत नाही. बघता बघता इंदुरातल्या आपल्या मराठी घरांतून बोलावणी येऊ लागली. मी नियम काटेकोर पाळले. एका दिवशी एकच घर. त्यानंतर रात्रीचे जेवण नाही. पाटावर असताना बोलणे नाही, आणि अन्नाचे गुणदोष काढणे तर मुळीच नाही. राजवाड्याजवळच्या आमच्या हिशेबतपासणीच्या पेढीत त्या पंधरवड्यात मी अर्धी रजा घेतो. मालकांचे चिरंजीव मला अस्सल इंदुरी थाटात ‘भैया’चे ‘भिया’ करून म्हणतात, “भिया तो यमराज के गेस्ट हो गए.”

लोक समजतात की मी खादाड आहे म्हणून हे सारे जमते. तसे असते तर निर्णय सोपा झाला असता. काकू शंकररावांच्या आवडीची कारल्याची भाजी करतात. मला कारले आवडत नाही. आमच्या घरी ते कधी शिजत नाही. श्राद्धाच्या दिवशी मात्र मी बोटाने खुणावून ती भाजी पुन्हा घेतो, आणि ती मला खरोखरच रुचते. त्या तासाभरापुरती माझी जीभ माझी नसते. इतर दिवशी मी लोकांना फारसा आवडत नाही, याची मला कल्पना आहे. दुसऱ्याच्या बेरजेवर लाल पेन्सिल फिरवणारा मनुष्य कोणाला हवासा वाटेल? परंतु पितृपक्षात माझी वाट पाहिली जाते. परक्या घरातली एखादी आजी माझ्या पानाकडे बघत पदराने डोळे टिपते, आणि मी खाली मान घालून आणखी एक वडा घेतो. याहून उपयोगाचे काम माझ्या हातून झाले असेल, असे मला वाटत नाही. आता तो तरुण सर्जन म्हणतो की भूक जाईल. मग माझ्यात काय उरेल, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. त्याच्या चित्रात त्यासाठी जागा नव्हती.

गेल्या वर्षीचा प्रसंग तू विसरला असल्यासारखे दाखवतोस, हा तुझा मोठेपणा. जेवण झाले, तू माझ्या हातावर पाणी घातलेस, आणि मला उठता आले नाही. एका बाजूने तू आणि दुसऱ्या बाजूने गुरुजींनी धरले, तरीही मी पुन्हा खाली आदळलो आणि पाटाची फळी मधोमध तडकली. तू म्हणालास, “बाबांचं वरती वजन वाढलेलं दिसतंय.” गुरुजींसकट सगळे हसले, मीही हसलो. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. त्या आत निघून गेल्या आणि मी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

कुमुदिनीचे मत मी विचारले नव्हते. ती ते आपण होऊन देईल अशी अपेक्षाही नव्हती. पण बेबी परत गेल्यावर एका सकाळी भाजी चिरता चिरता ती म्हणाली, “लोकांच्या वाडवडिलांना जेवून जेवून पोचवलंत तुम्ही. आता स्वतः पोचायच्या आधी हात आवरा.” आवाज जराही चढला नव्हता. मी वर्तमानपत्र वाचत असल्याचे दाखवले. तिने पुढे जे सांगितले ते मात्र मला वर्तमानपत्राआडूनही ऐकावे लागले. माझा श्वास थांबला की ती मनात अंक मोजते, आणि ठरावीक अंकाच्या पुढे गेला की ढोसते. तो अंक तिने अलीकडे कमी केला आहे, कारण तिला आता धीर धरवत नाही. इतक्या वर्षांत माझ्या शेजारी हे चालले होते आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती.

तरीही माझा होकार अडला तो तुझ्या आईपाशी. मागच्या रविवारी मी सुदामा नगरला गेलो. यंदाच्या तिथीला मी तिथे नसेन, आणि यापुढेही पूर्वीसारखा असणार नाही, हे त्यांना समोर बसून सांगणे मला आवश्यक वाटले. तू सप्टेंबरात येशील तेव्हा तुला दिसेलच, त्यांनी सुताराकडून जाड सागवानी पाट करवून घेतला आहे. मी बसायच्या आतच त्यांनी तो दाखवला आणि अभिमानाने म्हणाल्या, “ह्याच्यावर हत्ती बसला तरी हूं का चूं नाही करणार.” त्यानंतर बोलणे फार जड गेले. मी सर्जनचे सगळे म्हणणे क्रमाने सांगितले. सांगून झाल्यावर गवार निवडता निवडता, खाली बघतच त्यांनी विचारले, “अच्युत, मग ह्यांच्या नावानं कोण जेवणार?”

दुसरा कोणी सुचवावा तर त्यांनी तो केव्हाच शोधला असता. शेवटी उत्तर त्यांनीच दिले. ब्राह्मण नसेल तिथे दर्भाची जुडी त्याच्या जागी ठेवतात, तसा यंदा चट मांडू, असे त्या म्हणाल्या. “दर्भाला शुगर होत नाही, बाबा.” हे त्या हसत म्हणाल्या, मला मोकळे करण्यासाठी म्हणाल्या, हे मला समजत होते. तरी माझ्या जागी गवताची एक जुडी बसेल आणि श्राद्ध पूर्ण होईल, हे ऐकून मला जो अपमान वाटला तो तुझ्यापासून लपवत नाही. मी उठलो. त्या घरातून मी आजवर तोंड हलवल्याशिवाय बाहेर पडलेलो नाही. लाडू, चिवडा, निदान गूळ-शेंगदाणे तरी. त्या दिवशी काकूंनी काहीही दिले नाही. पाणीसुद्धा मी मागितले तेव्हा दिले. फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “वाटेत कचोरी खाऊ नकोस. मला कळतं.” रिक्षा वळेपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या. माझ्या भुकेला ज्या बाईने मान मिळवून दिला, तिने मला उपाशी घरी पाठवले. मी कचोरी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी सर्जनला फोन करून तारीख मागितली. त्याला निर्णय म्हणतात की शरणागती, ते मला अद्याप ठरवता आलेले नाही, आणि मनाची धाकधूक तसूभरही कमी झालेली नाही.

आता या पत्राचे कारण लिहितो. शस्त्रक्रिया येत्या अठ्ठावीस तारखेला आहे. धोका थोडा आहे, परंतु शून्य नाही, आणि शून्य नसलेला आकडा वगळण्याची मला सवय नाही. मी परत आलो, तर असे पत्र तुला मिळाले होते हे मला कधी कळू देऊ नकोस. कुमुदिनीला याची कल्पना नाही, तिलाही नको. परत आलो नाही, तर वर्षश्राद्ध बेबी करील. ती मुलगी आहे म्हणून गुरुजी कुरकुरतील, तिकडे लक्ष देऊ नये. मग ते सोयीसाठी चट मांडा म्हणतील, आणि कोणाला तोशीस नको म्हणून कुमुदिनी हो म्हणेल. ते तू होऊ देऊ नकोस. पितृस्थानी तू बस. आपली गोत्रे निराळी आहेत, तेव्हा तू चालतोस. नाव न सांगता मी ते विचारून घेतले आहे. तुला दीड पोळीत ढेकर येते हे मला ठाऊक आहे. थोडे जेव, पण सावकाश जेव. कुमुदिनी दाराआड उभी राहून पाहील, आणि ती पुन्हा वाढायला आली तर पानावर हात आडवा धरू नकोस.

तुझाच, आणि हे लिहीपर्यंत तरी भुकेला,
अच्युत