वळणावर अडकलेल्या दगडाची लढाई

तीर्थरूप मामांस,

खालच्या मजल्याचा वरच्या मजल्याला साष्टांग नमस्कार. तुमची तब्येत बरी असावी, कारण सकाळचा खोकला पूर्वीच्याच ताकदीनं ऐकू येतो. मामींचा गुडघाही सुधारलेला दिसतो. त्यांची दोन्ही पावलं आता सारखी वाजतात. (मी कान लावून बसत नाही. तुमची जमीन हेच आमचं छत आहे, त्याला माझा इलाज नाही.) आम्ही इकडे ठीक. तुमच्याशी एक शब्दही बोलायचा नाही, अशी आईची मनाई अजून लागू आहे. लिहायचं नाही, असं मात्र ती कधी म्हणालेली नाही, आणि मी नियम नीट वाचूनच वागते, म्हणून हे पत्र पोस्टानं पाठवणार आहे. ते आधी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाईल, तिथे शिक्का खाईल आणि मग आपल्याच दारातून जिना चढून तुमच्याकडे येईल. रविवारच्या आत पोचावं. रविवारी माझा खेळ एकतर छापायला जाईल, नाहीतर कायमचा कपाटात. आणि यात तुमचा संबंध येतो.

खेळ म्हणजे काय, ते सांगते. टेबलावर नकाशा पसरायचा, त्यावर बोटभर उंचीचे लाकडी सैनिक मांडायचे आणि फासे टाकून जुनी युद्धं पुन्हा लढायची. सुटीच्या दिवशी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत आमची मंडळी हे करते. बाकीच्यांना मोठी, गाजलेली युद्धं आवडतात. आमच्यातला एक जण (त्याला सगळे रणगाडे म्हणतात, मोकळं मैदान दिसलं की त्याला त्यात रणगाडाच दिसतो) दरवेळी तेच तेच महायुद्ध जिंकतो. मला मात्र कोणाला आठवत नाहीत अशी बारकी युद्धं लागतात. कारण तांत्रिक आहे. मोठ्या युद्धात चुका एकमेकींत मिसळून जातात. बारक्या युद्धात एक खेचर वाटेत बसलं तरी निकाल फिरतो. अशी युद्धं भलत्याच पुस्तकांत सापडतात. एका लढाईत दोन्ही बाजूंना मिळून एकच तोफ होती आणि ती आलटूनपालटून भाड्यानं मिळे. दुसरी लढाई एका बाजूच्या नगारेवाल्याचं लग्न निघालं म्हणून पुढे ढकलली गेली आणि मग दोन्हीकडच्यांच्या ती लक्षातच राहिली नाही.

माझं युद्ध घाटरस्ते बांधण्याच्या एका पुस्तकात, तळटिपेत सापडलं. (आमच्या प्रयोगशाळेत काटे आणि मापं तपासतात, ते पुस्तक तिथे कोणी का घेतलं, हे कोणालाच सांगता येत नाही.) डोंगरावर वरचं गाव, पायथ्याशी खालचं गाव, मध्ये एकच वाट. गिरणीचा एक मोठा दगड वर नेताना वळणावर अडकला. वरचे म्हणाले, दगड आमचा. खालचे म्हणाले, वाट आमची आहे, दगड इथे आहे तोवर आमचा. दोन्ही गावांनी माणसं उभी केली. बराच काळ वेढा पडला, एक बकरी जखमी झाली, आणि ‘पुढे हा तंटा मिटला’, एवढं सांगून तळटीप संपते. कसा मिटला, ते नाही. मी आणखी पुस्तकं उलटीपालटी केली. त्यांतही नाही.

नकाशा होता, पण त्याला प्रमाण नव्हतं. चढ किती, वळण किती अरुंद, दगड नेमका कशात अडला, हे कळल्याशिवाय मला पट आखता येईना. वळणावर अडकलेली एखादी जड वस्तू प्रत्यक्ष मोजायला हवी होती. अशी वस्तू मी रोज अंग चोरून ओलांडते. तेव्हा मी टेप घेऊन जिन्यात गेले आणि आजीचं शिलाई मशीन मोजलं.

इतिहास तुम्हाला माहीत आहे, तरी पटासाठी मांडावा लागला. आजी गेल्यावर तुम्ही मशीन वर न्यायला निघालात. ते जिन्याच्या वळणावर अडकलं. आई म्हणाली, मला न विचारता उचललंस कसं? तुम्ही म्हणालात, मग तूच ने. ती म्हणाली, आता तूच ने. तेव्हापासून ते तिथेच आहे. तुम्ही त्यावर कुंडी ठेवलीत. आईच्या मते तो सरळसरळ कब्जा. तिनं वळणावरचा दिवा काढला, कारण वीज आमच्या मीटरची. तुम्ही बॅटरी आणलीत आणि येता-जाता तिचा झोत आमच्या खिडकीत पाडू लागलात. मोजताना मला आणखी एक गोष्ट दिसली. तुम्ही मशीनला गुपचूप तेल घालता. आईही घालते. तुमचं पातळ आहे, तिचं घट्ट. दोन्ही मिळून जिन्यावर ठिबकतात. (परवा दूधवाला घसरला. बकरीच्या जागी मी त्याला धरलं आहे.)

पट तयार झाल्यावर पहिला डाव रणगाडे आणि ग्रंथपालबाईंमध्ये लावला. बघायला बैठे खेळ छापणारे एक प्रकाशक मुद्दाम आले होते. दोघांनी आपापली माणसं दगडाच्या दोन बाजूंना उभी केली आणि बसून राहिले. जो पुढे जाईल तो हरेल, असे माझे नियम अचूक होते; म्हणून कोणी गेलंच नाही. चहा झाला. ग्रंथपालबाईंनी विणकाम काढलं. शेवटी प्रकाशकांनी चष्मा पुसला.

“बाई, यात युद्ध कुठंय? ही तर दोन घरांची धुसफूस झाली. आणि संपतं कसं हे?”

मी म्हटलं, ते तळटिपेत नाही.

“मग तुम्ही संपवा. रविवारी येतो. कधीच न खेळलेली दोन माणसं बसवा, आणि डाव माझ्यासमोर संपू दे. नाही संपला, तर मी ह्यांचे रणगाडे छापतो.”

रणगाड्यानं माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. तेच जास्त लागलं.

मी पट घरी आणून जेवायच्या टेबलावर पसरला. आई ताटं घेऊन आली. हे उचल, म्हणाली. मग थांबली.

“कोण जिंकतंय?”

“कोणीच नाही.”

“असं कसं? सरक तिकडे.” आणि ती खालच्या गावाच्या बाजूला बसली. मी तिला तिथे बसवलं नव्हतं.

तिनं सैनिकांना हातही लावला नाही. वाटेवरचा दिवा कोणाच्या ताब्यात, एवढंच विचारलं. खालच्या गावाच्या, म्हटलं. “विझव.” असा नियम नव्हता, मी तो तिथेच लिहिला. आता वरच्या गावाची चाल माझी होती, आणि तुम्ही जे केलं असतंत ते मला करणं भाग होतं. मी खोडरबर उचलून दगडावर ठेवलं.

तिचा हात हवेतच राहिला. काट्यावर जास्त वजन पडलं, की स्प्रिंग तुटण्याआधी बारीक आवाज करते. तो आवाज मी ओळखते. स्वयंपाकघरात काहीतरी करपू लागलं होतं, आणि ती उठत नव्हती.

“हा जिना आहे,” ती म्हणाली.

“हा घाट आहे.”

“तुझा घाट आपल्या जिन्याइतकाच अरुंद कसा गं?”

“मापं उपलब्ध होती.”

तिनं वरच्या गावाचा पुढारी उचलला. (त्याला मी टोपी रंगवली होती. तुमच्यासारखी. अचूकतेसाठी.) तो खिडकीबाहेर जाणार, असं मला वाटलं. तिनं त्याला बराच वेळ न्याहाळलं आणि वेगळंच विचारलं.

“मुळात तो दगड त्या वळणातून जातो तरी का?”

मी मोजलं होतं, म्हणून सांगितलं, की वरचं डोकं काढून तिरपा केला तर जातो. वरही जातो, खालीही जातो. पण एकट्याच्यानं होत नाही. एकानं वरून धरायचं आणि एकानं खालून.

“दगडाला डोकं असतं होय?”

मी फासे गोळा करू लागले.

“आणि हे तू मोजून ठेवलंस, नि बोलली नाहीस?”

“मला कोणी विचारलं नव्हतं.”

“मामावर गेलीयेस अगदी,” असं म्हणून ती करपलेलं बघायला गेली. टोपीवाला पुढारी तिनं परत जागेवर ठेवला होता. फक्त तोंड आमच्याकडे करून.

त्याच बैठकीत मी शेवटचा नियम लिहिला. दोन्ही खेळाडूंनी एकाच चालीत दगडाला हात लावला तरच डाव संपतो. दगड कुठे जायचा, ते पुढचं. तळटिपेतही बहुधा हेच झालं असावं आणि दोन्ही गावांना ते लिहून ठेवायची लाज वाटली असावी.

मामींना नमस्कार. कुंडीतल्या रोपाला पाणी कमी पडतंय. माती मी बोटानं तपासली आहे.

तुमची,
खालची भाची

ता. क. रविवारी खालच्या गावाकडून आई बसते आहे. ती ‘बघू’ म्हणाली आहे, म्हणजे बसते आहे. वरच्या गावाला माणूस नाही. रणगाडे तयार आहे, पण तो पहिल्याच चालीत दगड फोडेल. तुम्ही हा खेळ कधी खेळला नाहीत, निदान टेबलावर तरी, तेव्हा प्रकाशकांची अट तुम्ही पूर्ण करता.

ता. क. दुसरा. येताना तुमचा मोठा पाना आणा. तो खेळासाठी नाही. मशीनचं डोकं ज्या बोल्टवर आहे तो गंजला आहे. दोन प्रकारची तेलं घालूनही.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवताना आईनं पाहिलं. वरच्या माणसाला पत्र पाठवायला तिकीट कशाला हवं, म्हणाली, आणि तिकीट माझ्या हातातून घेतलं. ‘पाना बुटाच्या फळीखाली असतो, त्याला सापडणार नाही, तेही लिही,’ म्हणाली. म्हणून हे लिहिलं. आता ती पत्र वळणावर ठेवायला निघाली आहे, कुंडीखाली. तुम्ही बॅटरी आणू नका. अंधार नसेल. वळणावरचा दिवा पुन्हा लागला आहे, आणि तो मी लावलेला नाही.